मी काहीच केलं नाही

गेली नऊ वर्षं मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद मी मागितलेलं नाही. त्या वर्षीच्या सभेत मी पाणी प्यायला उठलो आणि परत येऊन खुर्चीत बसेपर्यंत टाळ्या वाजत होत्या. तेव्हापासून डोंबिवलीतल्या बत्तीस बिऱ्हाडांचा मेंटेनन्स, पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंगवरची भांडणं हे सगळं माझ्याकडे असतं. माझ्याकडे म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये.

लॅपटॉप २०१५ सालचा. सावकाश चालायचा, पण चालायचा. तो सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा, कप विसळूनही व्हायचा. दोघांनाही घाई नव्हती. मग पडद्यावर रोज सूचना यायला लागली, की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ची देखभाल बंद, आता ११ घ्या. घ्यायला माझी ना नव्हती. पण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीप लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचाच लागतो. थोडक्यात, पत्रिका जुळली नाही.

"मामा, लिनक्स टाक," भाचा म्हणाला. तो पुण्यात हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतो. "जुन्या मशीनवर मस्त पळतं. आणि फुकट आहे."

'फुकट'नंतर तो बराच वेळ बोलत होता, पण मी तिथेच थांबलो होतो. माझं ठरलं होतं.

फोन ठेवता ठेवता तो एवढं मात्र दोनदा बजावून म्हणाला, "आणि हे बघ, हार्डवेअरला हात लावू नकोस. मिक्सरचं काय झालं होतं, आठवतंय ना?"

मिक्सरचं काय झालं होतं हा या लेखाचा विषय नाही.

लिनक्सची माहिती मग मी स्वतःच वाचून काढली. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून ही सिस्टीम लिहायला घेतली आणि ही नुसती हौस आहे, फार मोठं काही होणार नाही, असं इतरांना कळवूनही टाकलं. आज जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर तीच हौस चालते. मीही एकवीस वर्षांचा असताना हौसेने बासरी घेतली होती. ती माळ्यावर आहे. माळ्यावर आमच्या घरातल्या सगळ्याच हौशी आहेत, आणि त्यांच्याच शेजारी मुलीचा २०११ सालचा बंद पडलेला लॅपटॉपही होता. हे आपलं सहज सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार. मी टेबलावर पसारा मांडून बसलो होतो.

"आज?" आई म्हणाली. "पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये."

"आई, हे सॉफ्टवेअर आहे."

"असेल. नवीन आहे ना?" आणि मग माझ्यासमोरच्या पसाऱ्याकडे बघत, "आणि जुनंही काही उघडून बसू नये."

या दुसऱ्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. वाचकांनीही देऊ नये.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं तर योग्य क्षणी योग्य बटण दाबावं लागतं. हे बटण कुठे एफ२ असतं, कुठे एफ१२, आणि तो क्षण लोकलच्या चौथ्या सीटएवढा असतो. सात वेळा चुकलो. आठव्या वेळी मात्र गाडी लागली आणि पुढचं सगळं अर्ध्या तासात आटोपलं. पडदा उजळला, पेंग्विन आला. आईने चष्मा लावून तो नीट पाहिला.

"राणीच्या बागेतला का रे हा?"

नाही म्हटलं. याच्या निर्मात्याला एकदा ऑस्ट्रेलियात पेंग्विन चावला होता असं तो स्वतःच सांगतो, म्हणून हे चिन्ह. आई म्हणाली, "चावणारा प्राणी घरात कशाला आणलास?"

लॅपटॉप मात्र खरोखरच पळत होता. चहाला वेळच देत नव्हता. संध्याकाळी मी खजिनदारांना कौतुकाने बोलावलं. ते सोफ्यावर टेकले, मी हिशेबाची फाइल उघडली, बी विंगमधल्या एका सभासदाच्या चौदा महिन्यांच्या थकबाकीवर कर्सर नेला, आणि पडदा गोठला. बाण हलेना, बटण चालेना. फक्त कॅप्स लॉकचा दिवा एकसारखा लुकलुकत होता.

"डोळा मारतोय तुम्हाला," बायको म्हणाली.

मी भाच्याला फोन लावला. दिव्याचं ऐकल्याबरोबर तो म्हणाला, "मामा, हा कर्नल पॅनिक आहे." म्हणजे सिस्टीमचा जो गाभा असतो त्याला पुढे काय करावं ते सुचेनासं झालं की तो सगळं जागच्या जागी थांबवतो आणि दिवा लुकलुकवत बसतो. खजिनदारांनी हे खाली जाऊन सांगितलं. रात्री आठपर्यंत ती बातमी वॉचमनच्या केबिनपाशी पोचली. तिथे रोज रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका बसतात. ते म्हणाले, "कर्नलच घाबरला, तर जवानांनी काय करायचं?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं. कारण सहकारी सोसायटीची वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, चौदा दिवस आधी नोटीस लावावी लागते, आणि मी २८ तारखेची नोटीस शनिवारीच फळ्यावर लावून मोकळा झालो होतो. नोटिशीत 'हिशेब पडद्यावर दाखवले जातील' असं वाक्यही होतं. ते माझंच होतं. त्याखाली मी एक रेघही मारली होती.

भाचा म्हणाला, कधी कधी बंद पडतो ते लिहून ठेव. सेक्रेटरीला हे सांगायला लागत नाही. मी दोनशे पानी रजिस्टर आणून रकाने आखले: दिनांक, वेळ, त्या वेळी चालू असलेलं काम, लक्षणं, शेरा. तीन दिवसांत अकरा नोंदी झाल्या. गाणी लावली तर दीड तास चालतो, पत्ते खेळलं तर जेवणापर्यंत टिकतो, हिशेब उघडला की जातो. त्यातही अकरापैकी चार वेळा तो त्याच बी विंगमधल्या थकबाकीवर गेला. हे रजिस्टर मी कोणाला दाखवलं नव्हतं. पण आमच्या सोसायटीत टाकीतल्या पाण्यापेक्षा बातमी आधी चढते. तिसऱ्या दिवशी तो सभासद मला लिफ्टमध्ये भेटला आणि अगदी मायेने म्हणाला, "बघा साहेब, मशीनलासुद्धा पटत नाहीये."

मग सल्ले सुरू झाले. माणसाला ताप आला तर हल्ली लोक लांबूनच 'काळजी घ्या' म्हणतात, पण लॅपटॉप आजारी म्हटल्यावर जो तो चप्पल काढून आत येत होता. खजिनदारांच्या मते व्हायरस. वॉचमनच्या मते नारळ. रेल्वेवाले काका खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी चौकशी समिती नेमल्यासारखे प्रश्न विचारले. घटना किती वाजता? त्याआधी सिग्नल काय होता? शेवटचं काम कोणी केलं? "अहो, गाडी आपोआप रुळावरून उतरत नाही. कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. तुम्ही काय केलंत?"

"मी काहीच केलं नाही," मी म्हणालो.

पहिल्या मजल्यावरच्या काकू होमिओपॅथ आहेत. त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही, मलाच समोर बसवलं. त्रास दिवसा जास्त होतो की रात्री? गरम झाल्यावर वाढतो का? पावसाळी हवेत काय? एकटा असताना होतो की लोकांसमोर? या शेवटच्या प्रश्नाला मी चपापलो, कारण लोकांसमोरच जास्त होत होता. "घाबरट प्रकृती," काकू म्हणाल्या. आणि मग चष्म्यावरून बघत, "हे सुरू व्हायच्या आधी काही वेगळं पोटात गेलं होतं का?"

"छे," मी म्हणालो. "काहीच नाही."

सगळ्यांत हिताचं बायको बोलली: दुकानात न्या. स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथे लॅपटॉपने जे वर्तन केलं ते मी विसरणार नाही. ज्याने माझ्याकडे हिशेब उघडल्यावर सलग वीस मिनिटं धड काढली नव्हती, तो तिथे काउंटरवर तीन तास हसतखेळत बसला. हिशेब उघडला, चालला. थकबाकी उघडली, चालला. दुकानदाराने त्याच्यावर आख्खा सिनेमा लावला. घरी रात्रभर रडणारं पोर डॉक्टरच्या टेबलावर बसून खुळखुळा वाजवतं आणि डॉक्टर आईबापांकडे बघतो, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नवीन काय टाकलंत यात?"

"काही नाही. सिस्टीम भाच्याने टाकली," मी म्हणालो. तो बिचारा तेव्हा पुण्यात मेसच्या रांगेत उभा असेल.

तीनशे रुपये तपासणीचे दिले. लॅपटॉप घरी आणला, टेबलावर ठेवला, आणि चौथ्या मिनिटाला त्याने डोळा मारला.

आता भाचा हट्टाला पेटला. रोज रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल. मी एका हाताने फोन लॅपटॉपसमोर धरायचा आणि दुसऱ्या हाताने तो सांगेल ते टाइप करायचं. "मामा, फोन हलवू नकोस. मामा, मला तुझी बनियन दिसतेय, पडदा दाखव." आधी त्याने ग्राफिक्सवर संशय घेतला आणि सुरू होताना एक आज्ञा जोडायला लावली. पडद्यावरची अक्षरं कलिंगडाएवढी झाली, बंद पडणं तसंच राहिलं. मग गाभा बदलून आधीची आवृत्ती चढवली. तीही घाबरली. मग म्हणाला, मागच्या वेळची नोंदवही बघू. सिस्टीम आपल्या मिनिटामिनिटाच्या नोंदी ठेवते, माझ्यापेक्षा नेटक्या. पण आमच्या मशीनची नोंद दर वेळी मध्येच तुटलेली. माणूस जाताना निदान दोन शब्द बोलून जातो. हा वाक्यही पुरं करत नव्हता.

माझा चेहरा पडलेला पाहून भाच्याने धीर दिला. म्हणाला, २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स स्टेजवर उभे असताना, त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ दाखवायला एक स्कॅनर जोडला आणि भरसभेत निळा पडदा आला. लोक हसले, टाळ्या वाजल्या, गेट्सही कसनुसं हसले. मी त्याला सांगितलं, गेट्सना तिथे मागच्या वर्षीच्या रंगकामाच्या बिलावर उत्तर द्यायचं नव्हतं.

या सगळ्यात एक विद्या मात्र पदरात पडली. लॅपटॉप नुसताच गोठला, दिवा लुकलुकत नसला, तर थेट बटण दाबून गळा घोटायचा नाही. अल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरायचं आणि सावकाश, एकेक करून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं दाबायची. मला पाठ होईना. तेव्हा भाच्याने एकेका अक्षराचा अर्थ सांगितला, आणि मी थक्क झालो, कारण ही तर आमची वार्षिक सभा होती. आर म्हणजे भाषण न थांबवणाऱ्याच्या हातून माइक काढून घ्यायचा. ई म्हणजे सगळ्यांना नम्रपणे सांगायचं, मंडळी, आता उठा. आय म्हणजे जे तरीही बसलेत त्यांना उचलायचं. एस म्हणजे जे काही झालं ते आधी इतिवृत्तात लिहून घ्यायचं. यू म्हणजे आता रजिस्टर फक्त बघायचं, कोणी खाडाखोड करायची नाही. आणि बी म्हणजे दिवे घालवून पुन्हा पहिल्यापासून. नऊ वर्षं मी हेच करत आलो होतो, फक्त अक्षरं माहीत नव्हती. त्यानंतर मी ती सहा बटणं हार्मोनियमवर बोटं फिरवावीत तशी वाजवायला लागलो. लॅपटॉप सुधारला नाही, पण मरण सुसंस्कृत झालं.

दरम्यान २२ तारखेला घट बसले. आई म्हणाली, आता पितृपक्ष संपला, आता ठीक होईल. मी आशेने लॅपटॉप उघडला. आरतीच्या आधीच तो गेला. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग पेंग्विनच वाईट."

त्या रात्री भाचा म्हणाला, "मामा, आपण आत काहीच न टाकता, नुसत्या पेनड्राइव्हवरून सिस्टीम चालवून बघू." चालवली. पंधराव्या मिनिटाला दिवा लुकलुकला. फोनवर मोठी शांतता पसरली. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "म्हणजे सिस्टीमचा दोष नाही. हार्डवेअर आहे."

मी पाणी प्यायला उठलो.

परत आलो तर तो जायला तयार नव्हता. रॅम तपासायचा एक कार्यक्रम असतो, तो रात्रभर लावून ठेव म्हणाला. त्यात बाकी काही चालत नाही. स्मृतीच्या प्रत्येक घरात एक आकडा ठेवायचा आणि परत मागून बघायचा, ठेवला तोच मिळतो का. कोट्यवधी घरं, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. मीही मेंटेनन्ससाठी असाच दारोदार हिंडतो. सकाळी उठून बघतो तर पडदा लाल ओळींनी भरला होता. ठेवलेलं परत न देणारी घरं शेकड्यांनी निघाली होती, आणि आमच्या बी विंगमध्ये मात्र एकच.

भाच्याला पडदा दाखवला.

"हं. रॅमच आहे," तो म्हणाला. मग पडद्याकडे निरखून, "मामा, इथे आठ जीबी दिसतायत."

"असतील."

"तुझ्याकडे चार होती."

"चार होती का?"

"मामा. तू काय केलंस?"

माझ्या तोंडून ते वाक्य सवयीने निघणारच होतं. तेवढ्यात फुलं निवडत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी माळ्यावरचा तो दुसरा उघडून बसला होता की. मी म्हटलं होतं, जुनं काही उघडू नये."

तर आता सांगतो. त्या रविवारी सिस्टीम टाकायच्या आधी मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक मुलगा हसत हसत सांगत होता, की रॅम वाढवणं म्हणजे पोळीला तूप लावण्याइतकं सोपं. मी मुलीच्या जुन्या लॅपटॉपमधली चार जीबीची पट्टी काढली आणि माझ्या लॅपटॉपच्या रिकाम्या खाचेत बसवली. टक् असा आवाज आला. त्या आवाजाने जे समाधान मिळालं ते नऊ वर्षांच्या सेक्रेटरीपदाने दिलं नव्हतं. आणि नंतर दहा दिवस, रेल्वेवाल्या काकांना, होमिओपॅथ काकूंना, दुकानदाराला, रोज रात्री झोप मोडून बसणाऱ्या भाच्याला मी एकच उत्तर देत राहिलो. पहिल्यांदा ते खोटं होतं हे मला माहीत होतं. पाचव्यांदा बोललो तेव्हा माझा त्यावर विश्वास बसला होता. सिस्टीमच खराब, हे मी आरशासमोर दाढी करतानासुद्धा म्हणत होतो.

भाचा रागावला नाही, हे जास्त लागलं. तो नुसतं म्हणाला, "उघड."

मागचं झाकण काढलं. हार्वर्डच्या मार्क २ नावाच्या अवाढव्य संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला होता. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहिलं, की किडा खरोखरच सापडल्याची ही पहिलीच घटना. ती नोंदवही अमेरिकेच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये तीन तीळ, अर्धा शेंगदाणा आणि पोह्याचा चिवडा निघाला. तीळ जानेवारीतले असावेत. मला ते रजिस्टरमध्ये चिकटवायचे होते, बायकोने टिपून केराच्या टोपलीत टाकले.

"दोन्ही पट्ट्यांवरचं लेबल वाच," भाचा म्हणाला.

चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला. माझ्या मूळ पट्टीवर 'पीसी३एल' होतं. माळ्यावरच्या पट्टीवर 'पीसी३'. बाकी रूप, लांबी, खाच, दोनशे चार पाय, सगळं तेच. फरक एका 'एल'चा. एल म्हणजे कमी दाब. माझं मशीन १.३५ व्होल्टवर चालणारं, आणि मुलीच्या पट्टीला लागत होते १.५. म्हणजे ती बिचारी दहा दिवस अर्धपोटी काम करत होती. सोपं काम असलं की रेटून न्यायची, आकडेमोड वाढली की कुठलातरी आकडा तिच्या हातून निसटायचा, आणि कर्नल घाबरायचा. पेंग्विन निर्दोष होता. पितृपक्षही.

पट्टी काढली. त्यानंतर लॅपटॉप एकदाही गोठला नाही. रजिस्टरमध्ये शेवटची नोंद केली: '२३ सप्टेंबर. दोष आपोआप दूर झाला.'

भाच्याला मी सांगून ठेवलं होतं, कोणाला बोलायचं नाही. पण टाकीतल्या पाण्याचं आणि बातमीचं मी आधी सांगितलंच आहे. रेल्वेवाल्या काकांनी मला जिन्यात थांबवून फक्त एवढंच विचारलं, "मग, गाडी कोणी उतरवली ते कळलं का?" काकूंनी साबुदाण्याच्या चार गोळ्या दिल्या. माझ्यासाठी.

२८ तारखेला गच्चीवर सभा झाली. पांढऱ्या चादरीवर हिशेब दिसले, रंगकामाचं बिल दिसलं, बी विंगमधली थकबाकीही कलिंगडाएवढ्या अक्षरांत दिसली. त्या सभासदाने लॅपटॉपकडे बराच वेळ आशेने पाहिलं. लॅपटॉप मख्ख. आर-ई-आयपर्यंत मला दोनदा जावं लागलं, पण ते माणसांच्या बाबतीत.

शेवटचा विषय पाण्याचा होता. ऑगस्टमध्ये एका रात्री पंप चालूच राहिला आणि वरची टाकी पहाटेपर्यंत वाहत होती. टँकरला दोन हजार मोजणाऱ्या गावात हा गुन्हा. सभासद उठून उभे राहिले. वॉचमनला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन आला आणि खाली बघत म्हणाला, "साहेब, मी काहीच केलं नाही."

गच्चीवर सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिल्या रांगेत आईही बसली होती.

"आपोआप झालं असेल," मी म्हणालो. "पुढचा विषय."

"पुढचा विषय नाहीये," खजिनदार म्हणाले.

"मग चहा आणा."